नायिका जेवून निघाली का?

मंगळवार, दिवेलागण. अमरावती.

आज भीतभीत वाचलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सासूबाई चांदूर बाजारहून आमच्याकडे आल्यात. टीव्ही बंद, म्हणून रोज दुपारी मी त्यांना माझी सगळ्यात लाडकी कादंबरी वाचून दाखवते. आज ते प्रकरण आलं, नायिका नवऱ्याचं घर सोडते ते. सासूसमोर हे कसं वाचायचं? गाळावं का? पण गाळलं तर ती माझी लाडकी कसली! वाचलं.

काळ्या चष्म्याआडून त्या ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "जेवून निघाली का वं ते?"

"पुस्तकात नाही लिहिलं, आई."

"घर सोडलं ते बरं केलं. असा नवरा काय कामाचा? पन भर उन्हात उपाशीपोटी काहून धाडलं लिहिणारीनं तिले?"

मी हसले, मग पुस्तक मिटलं. कॉलेजपासून ही नायिका माझी. तिच्या हिमतीवरून जीव ओवाळला, तिची वाक्यं पाठ केली. पण ती उपाशी असेल, हे एकदाही मनात आलं नाही. एकदाही! हे कसलं प्रेम?

आत्ता भाकरी वाढताना पुन्हा तेच. "उद्या ते मायच्या घरी पोचते ना? माय पहिले जेवाले वाढीन तिले."

"हो," म्हटलं.

पुस्तकात आई दार उघडते आणि नुसती रडत बसते. ताटाचं नाव नाही. उद्या वाचताना मी त्या घरात पिठलं-भाकरी वाढणार आहे, सोबत मिरचीचा ठेचा. लेखिकेनं माफ करावं.