माई अंगणात असल्याची नोंद

प्रति,
मा. मंडळ अधिकारी,
मंडळ कार्यालय, खाजणगाव,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग.

विषय : अर्जदाराची आई हयात असून स्वतःच्या अंगणात बसलेली आहे, याचा पंचनामा बुधवार, दि. १९ पर्यंत होऊन मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराची दि. १३ ची तोंडी तक्रार व त्यावर "चित्रावरून तक्रार घेता येत नाही" असे मिळालेले तोंडी उत्तर.

महोदय,

१. अर्जदार गौरजा बाबू तोडणकर, वय ३३, ही घरी बसून चित्रकामाचा स्वतंत्र व्यवसाय करते. शाळेची पुस्तके, लग्नपत्रिका, खानावळीचा फलक, जे येईल ते. गिऱ्हाईक सांगेल ती दुरुस्ती मुकाट्याने करायची, का म्हणून विचारायचे नाही, हा या धंद्याचा शिरस्ता. अर्जदाराने तो आजवर पाळला.

२. डिसेंबरात सिद्धेश नावाच्या गृहस्थांनी वाडीच्या किनाऱ्यावर होऊ घातलेल्या पर्यटन केंद्राचे चित्र मागितले. अर्जदार वाडीतल्या महादूच्या होडीतून पाण्यात गेली आणि वाडी दिसते तशी काढून आणली. संगणकावर प्रत्येक वस्तू वेगळ्या थरावर ठेवतात. एखादी नको झाली, तर बाकीच्या चित्राला हात न लावता तेवढीच लपवता येते.

३. पहिली दुरुस्ती आली, महादूची होडी ठेवायची खोप नको. अर्जदाराने लपवून चित्र पाठवले. आठव्या दिवशी खोप होडीसकट जळाली. विजेच्या तारेमुळे जळाली, असे सगळे म्हणाले. खोपीत वीज नव्हती. महादू जमिनीच्या कागदावर सही करून बांद्याला लेकीकडे गेला.

४. दुसरी दुरुस्ती शेजारच्या यशोदाकाकूंच्या पाच माडांची. चित्र पाठवल्यापासून आठव्या दिवशी माडांनी माना टाकल्या. बुंध्यांना गिरमिटाने भोके पाडून आत औषध ओतलेले निघाले. काकू घरी येऊन चित्र बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "गो गौरजा, ह्यात माझे माड खंय?" अर्जदाराला त्याची आजही लाज वाटते. काकूंनीही नंतर सही केली.

५. आता केंद्राच्या जागेच्या सातबाऱ्यावरचे, सही न दिलेले एकच नाव उरले आहे, ते अर्जदाराच्या आईचे, सीता बाबू तोडणकर, वय ७४, वाडीत माई म्हणतात. दि. ८ रोजी तिसरी दुरुस्ती आली : "नमस्कार मॅडम. चित्र सुरेख. घर राहू द्या, शोभा येते. अंगणातली म्हातारी तेवढी नको." अर्जदाराने प्रथमच नकार दिला. सिद्धेश रागावले नाहीत. दुसऱ्याकडून करून घेतो, म्हणाले.

६. दि. १२ रोजी ते चित्र आले. घर, तुळस, कुळीथ निवडायचे सूप, सारे जागच्या जागी. माई नाहीत. ज्याने काम केले त्याचा हात घाईचा असावा, कारण माईंची सावली तेवढी अंगणात तशीच पडून आहे. येत्या गुरुवारी आठवा दिवस.

७. दोडामार्गला मावशीकडे चल म्हणून अर्जदाराने माईंच्या पाया पडून पाहिले. माईंनी सुपातून मान वर केली नाही. "माका खंय जावचा नाय. आधी कुळीथ निवडून होवंदेत," एवढेच म्हणाल्या.

८. तरी आपण समक्ष येऊन चित्र व अंगण ताडून पाहावे, माई बसल्या आहेत ती जागा मोजून कागदावर घ्यावी आणि खाली शिक्का मारावा. शिक्का असलेले माणूस सहजासहजी नाहीसे होत नसावे, अशी अर्जदाराची समजूत आहे. ती चुकीची असल्यास तसे लेखी कळवावे. संगणकावर लपवलेले मला परत आणता येते, महोदय. इथले येत नाही.

आपल्या येण्याकडे डोळे लावून बसलेली,
नम्र अर्जदार
(सही) गौरजा बा. तोडणकर
खाजणगाव, दि. १७ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१. चित्र, माई असलेले.
२. चित्र, माई नसलेले.
३. दुरुस्त्यांचे संदेश, छापील.
४. आजचे वर्तमानपत्र हातात धरून अंगणात बसलेल्या माईंचा फोटो. मागे अंगणाच्या दगडी गडग्यापाशी उभे असलेले दोन इसम वाडीतले नाहीत. फोटो काढताना ते अर्जदाराला दिसले नव्हते.