पांढऱ्या कोंबड्याचं काळं पीस

दादा, तुमचा पांढरा कोंबडा आज सकाळपासून डोक्यातून जात नाही. माधवनगरच्या क्वार्टरमागे तुम्ही जाळी ठोकून त्याचं घर केलं होतंत. "बक्षीस एका दिवसाचं, कोंबडा बारा महिन्यांचा," असं तुम्ही म्हणायचात, आणि ते बारा महिने घरातल्या सगळ्यांना भोगावे लागायचे. उन्हाळ्यात त्याला सावलीतच ठेवायचं, मका अजिबात द्यायचा नाही, नाहीतर पांढऱ्यावर पिवळी झाक येते. पावसाळ्यात खालचा भुसा रोज बदलायचा. भाद्रपदात पिसं झडली की अळशी आणि उकडलेलं अंडं. थंडीत रिठ्याच्या कोमट पाण्यानं आंघोळ, शेवटच्या पाण्यात थेंबभर नीळ, मग शेगडीजवळ वाळवणं आणि पायांना खोबरेल. आई म्हणायची, "माझे एवढे लाड कुणी केले असते तर मीही आरवले असते." तुम्ही मान खाली घालून हसायचात. मी कॉलेजात जायला लागले होते, तरी आंघोळीच्या दिवशी त्याचे पंख धरायला तुम्हाला मीच लागायची.

त्या वर्षी मध्यभारत राज्य गेलं, नव्या राज्याची भोपाळ राजधानी झाली आणि तुमच्या बदलीची ऑर्डर आली. तिथं दोन खोल्या मिळणार होत्या, कोंबड्यांना जागा नव्हती. म्हणजे इंदूरचं कोंबड्यांचं प्रदर्शन हे शेवटचं. तिथं दोनदा तुम्ही दुसरे आला होतात, आणि पहिलं यावं ही एवढीच एक हौस तुम्ही आयुष्यात केलीत. आठ दिवस राहिले असताना त्याला धुताना मानेवर एक काळं पीस सापडलं. पांढऱ्या जातीत असं पीस म्हणजे दोष, आणि ते उपटून पक्षी मांडणं म्हणजे लबाडी, हे तुम्हीच मला शिकवलेलं. भैरवगढचे रंगारी चाचा तुमच्याकडून पिल्लं न्यायचे, ते त्या दिवशी आले होते. म्हणाले, "बाबूजी, एक पर ही तो है, खींच लो. कौन देखता है?" तुम्ही म्हणालात, "फिर इनाम भी तुम ही ले लेना." आणि मला म्हणालात, "यंदा जायचं नाही." त्यानंतर दोन दिवस तुम्ही धड जेवला नाहीत. मला ते बघवेना.

तुम्ही दफ्तरात असताना मी ते उपटलं. कोंबडा एकदाच ओरडला. संध्याकाळी मी म्हटलं, "दादा, ते पीस गळालं वाटतं." तुम्ही त्याची मान उलगडून पाहिलीत. "आपोआप?" "हो." एवढंच. मी तुमच्याशी कधी खोटं बोलले नव्हते, त्यामुळे तुम्ही पुढं काही विचारलं नाहीत. इंदूरला तो पहिला आला. येताना बसमध्ये तुम्ही कप मांडीवर धरून बसलात आणि शेजारच्या अनोळखी माणसाला कोंबड्यांना काय खायला घालावं ते देवासपर्यंत समजावत राहिलात. दादा, तुम्हाला इतकं खूश मी ना त्याआधी पाहिलं ना नंतर.

दीड महिन्यानं त्याच जागी पीस पुन्हा आलं, तसंच काळं. तुम्ही पिसाकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. मी खालचा भुसा सारखा करायला लागले, आणि तुम्हाला तेवढं पुरलं. रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही कागद आणायला सांगितलंत, कारण तुमचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आणि दफ्तराबाहेरची पत्रं मीच लिहायची. तुम्ही सांगत गेलात, मी लिहीत गेले. कप परत पाठवत आहे, पक्षी निर्दोष नव्हता. मग म्हणालात, "लिही, वह काला पर मैंने स्वयं निकाला था." माझा हात थांबला. "दादा, पण—" "लिही म्हटलं ना." मी लिहिलं. सुरेख, वळणदार अक्षरात. खाली तुम्ही सही केलीत.

गोष्ट आपल्या फ्रीगंज वस्तीभर झाली. इतक्या वर्षांचा सरळ माणूस आणि शेवटी एका कोंबड्यापायी घसरला, असं लोक बोलायचे. तुम्ही ऐकून घ्यायचात. भोपाळला निघायच्या आधी चाचा कोंबड्या न्यायला आले, अंगणात शेजारीपाजारी जमले होते. चाचा म्हणाले, "क्यों बाबूजी, आख़िर खींच ही लिया?" तुम्ही म्हणालात, "हाँ भाई, खींच लिया." सगळे हसले.

हे पत्र कुठं पाठवणार? ट्रंकेत ठेवून देईन. आई गेल्यावर मी ही हकीकत भावंडांना सांगितली, लेकीला सांगितली, माझी चूक कबूल केली. प्रत्येक वेळी एवढं मात्र म्हणत आले की चाचा आले तेव्हा मी आत चहा टाकत होते. नव्हते, दादा. मी दारातच उभी होते, आणि सगळ्यांबरोबर मीही तुम्हाला हसले.