नीलाच्या यंत्रातल्या दोन जाळ्या

हमद टाउन, बहरीन
१२ नोव्हेंबर

ती. कस्तुरीताईंस,

तुमच्या नीलाच्या राजनचा वाकून नमस्कार. तुमचा दमा कसा आहे? नाशिकला थंडी पडू लागली असेल, सकाळी उघड्या डोक्याने अंगणात जाऊ नका (हे वाक्य नीलाचे. दर फोनला ती सांगायची, आता ते काम माझ्याकडे आले आहे). माझी प्रकृती उत्तम. या आठवड्यात भात दोनदा करपला आणि एकदा कच्चा राहिला, म्हणजे सरासरी चांगलीच म्हणायची.

तुम्ही नीलाचे ओव्याची वाफ घ्यायचे यंत्र मागितलेत, त्याला दीड महिना झाला. मी पाठवले नाही. मनातल्या मनात तुम्ही मला काय म्हटले असेल, त्याची मला कल्पना आहे. फोनवर हा विषय निघाला की माझा आवाज बिघडतो, म्हणून सविस्तर लिहितो. कारण आहे जाळ्या. आर्याने आईसाठी लंडनहून पाठवलेल्या त्या यंत्रात अंगठ्याच्या नखाएवढ्या दोन स्टीलच्या जाळ्या असतात. त्यांच्यामध्ये कुटलेला ओवा घालायचा, बटण दाबायचे आणि वाफ ओढायची. (डॉक्टर म्हणायचे, याने फायदा होईल असे सांगता येत नाही. नीला म्हणायची, त्यांना काय कळते.) तेराव्यानंतर मी यंत्र उघडले तर ओव्याच्या तेलाने जाळ्या काळ्या आणि चिकट झालेल्या. अशा स्थितीत तुमच्याकडे पाठवणे बरे दिसेना. आमची आई देवाची भांडी चिंच आणि मिठाने लख्ख करायची, ते मला आठवले. मी जाळ्यांना चिंच-मीठ चोळले आणि ओल्याच खिडकीत ठेवल्या. सकाळी त्या तांबूस! इथली हवा आधीच खारट, त्यात मी वरून मीठ लावलेले. ताई, अठ्ठावीस वर्षे मी इथे टाक्या आणि पाइप तपासून लाल खडूने ‘गंज’ असे लिहीत आलो. माझ्या त्या खडूला भलेभले सुपरवायझर घाबरतात. आणि माझ्याच ओट्यावर बायकोच्या यंत्राला मीच गंज चढवला.

मग मी तारेच्या घासणीने जोर केला आणि एक जाळी वाकवली. आर्याला फोन केला तर ती म्हणाली, “बाबा, जस्ट बाय न्यू वन्स.” शेवटी शेजारची ब्रिजिट धावून आली (वसईची, क्लिनिकात नर्स आहे, नीलाच्या शेवटच्या आठवड्यात रोज डबा घेऊन सलमानिया हॉस्पिटलला यायची). जाळ्या बघून तिने कपाळाला हात लावला. “अहो राजनभाई, स्टीलला मीठ कोणी लावतं का?” तिने नीट पद्धत सांगितली. अर्धा तास स्पिरिटमध्ये भिजवायच्या, मऊ ब्रशने घासायच्या, कोमट पाण्याने धुवून लगेच टिपायच्या, कोमट तव्यावर पूर्ण कोरड्या करायच्या आणि घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायच्या. (स्पिरिट पुरते उडाल्याशिवाय तव्याखाली गॅस पेटवायचा नाही, हे तिने माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतले.)

स्पिरिट आणायला मी आपल्या नेहमीच्या फार्मसीत गेलो. तिथल्या अझहरने विचारले, “आंटी कैसी हैं? बहुत दिन से आई नहीं.” मी म्हणालो, “ठीक हैं.” का म्हणालो, देव जाणे. तो म्हणाला, “मेरा सलाम बोलना.” मी म्हटले बोलतो, आणि घरी येऊन फोटोसमोर उभा राहून सांगितलेही. पण आता त्या दुकानात खरे सांगायला कोणत्या तोंडाने जाऊ? म्हणून हल्ली कापूस आणायचा तरी मी चार राउंडअबाउट ओलांडून दुसरीकडे जातो.

ब्रशचे असे झाले की, जुना टूथब्रश शोधताना नीलाचाच हाताला लागला. तो होता तिथे परत ठेवला. नवा आणला आणि मुद्दाम चार दिवस वापरून जुना केला. एवढ्या सगळ्यात दिवस गेले, ताई. तरी गंजाचा एखादा ठिपका डोकावतोच, आणि गंजलेली वस्तू दम्याच्या माणसाला पाठवणे माझ्या नोकरीला शोभणार नाही.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार. लहान कोणी लहान राहिले नाही, त्यांना नुसती आठवण सांगा.

आपला,
राजन

ता. क. येत्या वीस तारखेला ब्रिजिटचा नवरा निकोलस सुट्टीवर तिकडे येतो आहे. त्याच्याबरोबर तुमच्यासाठी कोरे यंत्र आणि सहा जादा जाळ्या पाठवतो. मीठ लावू नका.

पुन्हा ता. क. वर गंजाच्या ठिपक्याचे लिहिले ते खोटे आहे. जाळ्या तीन आठवड्यांपूर्वीच स्वच्छ झाल्या. रोज संध्याकाळी सात वाजता मी त्यांत ओवा घालतो आणि बटण दाबतो. वाफ ओढत नाही, मला कुठे दमा आहे! घरभर वास पसरतो आणि पाचेक मिनिटे ती आतल्या खोलीत बसली आहे असे वाटते. मग जाळ्या धुतो, कोरड्या करतो आणि उद्यासाठी ठेवतो.

आणखी एक. तुम्हालाही ते वाफेसाठी नको आहे, नीलाचे म्हणून हवे आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळले. तिच्या वेण्या तुम्ही घातल्यात, तिला शाळेत तुम्ही पोचवलेत. तुमचा हक्क माझ्याहून जुना आहे. पुन्हा मागितलेत तर मला नाही म्हणता येणार नाही. म्हणून ताई, पाया पडतो, पुन्हा मागू नका.