तीनशे चाळीस दाणे

बारामती,
फाल्गुन शुद्ध द्वितीया

तीर्थस्वरूप तात्या,

साष्टांग नमस्कारानंतर 'आपली प्रकृती कशी आहे' असं लिहायची हाताला सवय आहे. आज हात तिथेच थांबला. तुम्हांला जाऊन तिसरा महिना लागला, आणि होतात तेव्हाही तुम्हांला अक्षर वाचता येत नव्हतं. म्हणजे हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायची कसलीच सोय नाही. तरी लिहिते आहे. येत्या रविवारी करकोच्यांना पोचवायला जायचं आहे, पहिल्यांदाच तुमच्याशिवाय, आणि त्याआधी आठ वर्षं राहून गेलेली एक गोष्ट मला तुमच्यापाशी कबूल करायची आहे.

माझ्यासमोर अजून एक पत्र पडलं आहे. पुण्याच्या कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या सरांचं. त्यांना काय उत्तर द्यायचं ते ठरत नाही, म्हणून आधी तुम्हांला.

अंथुर्ण्यात तुम्हांला सगळे पाटकरी म्हणूनच ओळखायचे. कालव्याचं पाणी पाळीपाळीनं शेतांना सोडायचं, दारं तपासायची, पहाटेपासून काठानं चालायचं. पाखरं तुम्ही त्या चालण्यात शिकलात. पण गावाला बरोबर घेऊन पाखरं बघायला जायचं, हे तुम्हांला कुठून सुचलं? मी लहानपणी एकदा विचारलं होतं, तर तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जसं काही मी जेवायचं कशाला म्हणून विचारते आहे.

"आगं, पावनं निघालं की शिवंपतोर पोचवायला जातो का न्हाय आपन? ही तर चार महिनं ऱ्हायली आपल्यात. तशीच कशी धाडायची?"

म्हणून फाल्गुन लागला की दर रविवारी आपली मंडळी निघायची. पुढे तुम्ही, मग माझे वडील आबा, गेनू न्हावी, भाकरीचं फडकं घेऊन तुमच्या घरच्या शेवंताकाकी, आणि शेवटी मी, वही छातीशी धरून. माळ ओलांडून तळ्यावर जाईपर्यंत गेनूमामाच्या तोंडाला विसावा नसायचा.

"तात्या, आमचा हरभरा खाऊन गुबगुबीत झाली पाखरं, आन्‌ वर आमीच पोचवायला जायाचं. जावई हाईत का काय?"

"जावयापरीस बरी. मागत तरी न्हाईत कायी."

"तुमच्या जावयानं ऐकलं म्हंजी?"

"ऐकू दे की. त्येला म्हनावं, तूबी उडून दाव."

पण तळं दिसलं की गेनूमामासुद्धा गप्प. शेवटचा थवा दिसेनासा होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा तुमचा नियम. पांढुरक्या चिखलात राखी करकोचे एका पायावर उभे असायचे. उन्हं तापली की एकेक थवा ओरडत उठायचा. कोणता थवा शेतात चरायला चालला आणि कोणता कायमचा निघाला, हे मला कधीच कळायचं नाही. तुम्ही एकदा माझ्या कानाशी वाकून सांगितलंत, "चरायला जातंय ते खालनं जातंय. गावाला जातंय ते आदी गोल गोल फिरत वर चडतंय, आपल्याला पुना एकदा बघून घेतंय, मग जातंय." पुढे कॉलेजात जाडजाड पुस्तकं वाचली, पण इतकं नेमकं वाक्य मला एकातही सापडलं नाही.

आणि तुमची मोजणी! बंडीच्या उजव्या खिशात जोंधळ्याचे दाणे. वर चढून गेलेल्या एका करकोच्याला एक दाणा, तो डाव्या खिशात. नजर आभाळात, बोटं खिशात, आणि एकही चूक नाही. तुम्हांला विसापलीकडे मोजता येत नव्हतं म्हणून ही युक्ती, असं तुम्ही हसत सांगायचात. सगळ्या रविवारचे दाणे एका पुरचुंडीत साठायचे. शेवटच्या रविवारी काकी फडकं पसरायच्या, मी दाणे मोजून वहीत आकडा लिहायची, आणि मग तुम्ही ते दाणे काठावर टाकायचात, मागे राहिलेल्या पाखरांसाठी. "ज्येंला बळ न्हाय त्येंची शिदुरी."

गावात मी एकटीच पोर इतकं लिहिणारी, म्हणून वही माझ्याकडे. अकरा वर्षांची होते. त्या वहीचा मला किती अभिमान होता! आबांपुढे शाळेचा विषय निघाला की तुम्ही म्हणायचात, "आबा, हिची शाळा तोडू नगा. वही कोन लिवनार?" मी बारामतीला शिकले, पुण्याला गेले, आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले, त्याची सुरुवात तुमच्या त्या एका वाक्यात आहे. आणि बी. ए. झाल्याचं सांगायला आले तर तुम्ही काय विचारलंत? "म्हंजी सुमे, आता तुला किती विसापतोर मोजता येतं?"

आता ती गोष्ट सांगते.

वहीचं तिसरं वर्ष होतं. पाऊस झाला नव्हता, तळ्यात पाणी गुडघाभर. शेवटच्या रविवारी आपण काठावर बसलो तेवढ्यात कालव्याची चारी फुटल्याचा निरोप आला. तुम्ही उठलात आणि पुरचुंडी माझ्या हातात दिलीत. "घरी मोज, वहीत लिव, आन्‌ सकाळी दानं मला आनून दे." सगळ्या हंगामाची पाखरं त्या गाठीत होती. मी घरी आले, पुरचुंडी जात्याशेजारी ठेवली, आणि गोष्टीचं पुस्तक उघडलं.

पहाटे जाग आली ती जात्याच्या घरघरीनं. आईला काय दोष देऊ? जात्यापाशी जोंधळा दिसला, तिनं दळला. फडकं झटकून दांडीवर टाकलं होतं.

मी आईला काही बोलले नाही. कुणालाच बोलले नाही. वहीत लिहिलं, तीनशे चाळीस. तुम्हांला आनंद व्हावा म्हणून आदल्या वर्षीपेक्षा थोडा जास्तच लिहिला. मग कणगीतून दाणे काढून मोजले, बरोबर तीनशे चाळीस, आणि त्याच फडक्यात बांधून कालव्याच्या चौकीवर तुम्हांला नेऊन दिले. तुम्ही गाठ सोडलीत. चिमूटभर दाणे तळहातावर घेतलेत, अंगठ्यानं फिरवलेत.

"किती भरलं?"

"तीनशे चाळीस. सतरा विसा."

"बरं," म्हणालात, आणि गाठ परत मारलीत.

सुटले, असं वाटलं मला तेव्हा.

पुढच्या वर्षीपासून तुम्ही दाणे कधी कुणाकडे घरी दिले नाहीत. काठावरच, सगळ्यांच्या समोर, मी मोजायचं आणि आबांनी परत मोजायचं. "एकट्या पोरीवर वझं नगं," एवढंच म्हणालात. त्याच साली जीपमधून बंदुका घेऊन दोघे साहेब आले होते, आठवतं? पाखरं कुठे उतरतात म्हणून विचारत होते. गेनूमामानं झटक्यात सांगितलं, "कोऱ्हाळ्याकडं जावा सायेब, ऊस दिसला की थांबा." जीप धुरळा उडवत उलट्या दिशेला गेली. आम्ही पोट धरून हसलो. तुम्ही हसला नाहीत.

"खोटं कशापायी सांगितलंस गेनू?"

"पाखरं वाचली न्हवं?"

"'ठावं हाय, पन न्हाय सांगत' म्हनायचं. काय करनार हुते? खोटं बोलून वाचिवलं तर उद्या आपलं खरंबी कोन ऐकंल?"

तुम्ही गेनूमामाकडे बघून बोलत होता. माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत. तेव्हा ते मला बरं वाटलं होतं.

दर वर्षी पहिल्या रविवारी निघण्याआधी मी सगळी वही मोठ्यानं वाचायची. प्रत्येक आकड्याला तुमचं काहीतरी असायचं. "त्या साली थंडी लांबली," "त्या साली लई गोंगाट." तिसऱ्या वर्षाचा आकडा वाचला की तुम्ही फक्त म्हणायचात, "पुढं." माझा आवाज तिथे बारीक व्हायचा, ते कुणाच्या लक्षात येत नाही असं मी समजत होते.

गेल्या वर्षी परीक्षेमुळे मी आलेच नाही. तुमचा तो शेवटचा हंगाम. छातीत दुखतं हे तुम्ही कुणालाच का सांगितलं नाहीत? पुण्याहून यायला मला एक दिवस लागला असता, तात्या. एक दिवस. पाखरांना शिवेपर्यंत पोचवणारा माणूस स्वतः मात्र कुणाला न सांगता निघतो, हे तुमच्या नियमात बसतं का?

आता सरांच्या पत्राचं. वही मी त्यांना वाचायला दिली होती. ते लिहितात, कालव्यावरच्या एका निरक्षर माणसानं इतकी वर्षं अशी शिस्तीनं मोजणी केली हे त्यांना नवल वाटतं, आणि तुमच्या नावानं ते एक लेख छापणार आहेत. तुमचं नाव छापलेलं मी डोळ्यांसमोर आणून पाहिलं. खाली पुढचं वाक्य होतं. 'दुष्काळाच्या वर्षी पाखरं कमी न होता उलट वाढलेली दिसतात, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. लेखाचा मुख्य भर त्यावरच ठेवू.'

माझ्या तीनशे चाळिसांवर!

खरं सांगितलं तर सर म्हणतील, एक आकडा खोटा, मग बाकीचे खरे कशावरून? लेख राहून जाईल. तुमचं नावही छापायचं राहून जाईल. नाही सांगितलं तर तुमच्या नावाखाली माझं खोटं छापलं जाईल. चार दिवस मी पत्र उघडत होते आणि मिटत होते. तुमचा सन्मान व्हावा म्हणून गप्प बसावं, असंही स्वतःला समजावून पाहिलं.

मग परवा काकींना भेटायला अंथुर्ण्याला गेले. उठताना त्यांनी उतरंडीतलं खालचं गाडगं काढलं. राखेत पुरलेली एक पुरचुंडी. फडकं ओळखलं मी.

"ही तुझी हाय. तू मोठी झालीस की दी म्हनलं हुतं त्येंनी."

"काकी, हे दाणे तात्यांनी टाकले नाहीत?"

"न्हाय. म्या इचारलं तर म्हनले, ही पाखरांची न्हाईत. आपला जोंधळा दगडी, बारका. हा आबाच्या घरचा टपोरा मालदांडी. पोरगी भ्याली आसंल, म्हनले. आन्‌ आवंदा खिसा काय एवडा जड नव्हता."

दाणे तळहातावर घेतले. टपोरे, मोत्यासारखे. कुणालाही कळले असते. मला कळले नाहीत. वर्गात पहिली येणारी मी, मला आमच्या घरचा जोंधळा आणि तुमचा जोंधळा वेगळा दिसला नाही! आणि तुम्ही पहिल्याच चिमटीत ओळखलंत, गाठ मारलीत, आठ वर्षं राखेत घालून जपलंत. एकालाही किडीचा टोका लागलेला नाही. का नाही बोललात? एकदा रागावला असता तर मी एकदाच रडले असते. की मी आपण होऊन सांगेन म्हणून वाट बघत होता? दर वर्षी 'पुढं' म्हणण्याआधी तुम्ही थोडं थांबायचात. तो थांबा माझ्यासाठी होता, हे मला आज कळतं आहे.

सरांना उत्तर लिहून झालं. जे झालं ते सगळं लिहिलं, जात्यासकट. तुमच्या मोजणीत खोट नाही, खोट लिहिणारीत होती, हेही लिहिलं. ते छापोत किंवा न छापोत.

वहीतला तो आकडा मी खोडणार नाही. त्याच्यापुढे लिहिणार आहे : 'हे दाणे आमच्या कणगीतले. या साली किती करकोचे गेले ते तात्यांना ठाऊक होतं, मला नाही.'

रविवारी, मी आता इथे शिकवते त्या शाळेतल्या चार मुली बरोबर येणार आहेत. काकी भाकरी बांधणार आहेत. पातळाला खिसा नसतो, म्हणून मी दोन पिशव्या शिवल्या आहेत, एक उजव्या खांद्याला, एक डाव्या. दगडी जोंधळा काकींकडून मागून आणला. निघण्याआधी मी वही मोठ्यानं वाचणार आहे, आणि तिसऱ्या वर्षापाशी आले की पुढे जाणार नाही. आबांसमोर, आईसमोर, गेनूमामासमोर तिथे थांबून सगळं सांगेन. मग तुम्ही जपलेले तीनशे चाळीस दाणे तळ्याच्या काठावर टाकेन. सांगून टाकले, तर ते पाखरांचे होतील ना, तात्या?

तुमची वही लिहिणारी,
सुमी