चौकात जाळलेले पणजोबा

गास्पार,

थोरली बहीण असले तरी आशीर्वाद देणार नाही. तो तुझ्या स्पॅनिश पाद्र्याकडूनच घे.

मी डोंगरापलीकडे सुखरूप आहे. कुठे, ते विचारू नकोस. बाबा गेल्यापासून आईचं जेवण तुटलं होतं, आता नीट जेवते ना? तिच्या गुडघ्यांना आपल्या कळपातल्या लामाची चरबी चोळतोस, की तेही आता पाप झालं?

वाळवून गुहेत बसवलेले आपले पणजोबा पिढ्यान्‌पिढ्या गाव राखत होते. तू पाद्र्याला वाट दाखवलीस, त्यांचं गाठोडं चौकात जाळलंस आणि गावचा मुखिया झालास. शाबास! पण मूर्खा, गाठोडं सोडून तोंड तरी बघायचंस. तू पाद्र्याच्या मागेमागे करायला लागलास, तेव्हाच मी ओळखलं होतं. जळाली ती लामाची हाडं. पणजोबा माझ्यासोबत आहेत.

पत्र पाद्र्याला खुशाल दाखव. मुखियापण कशाच्या राखेवर मिळालं, तेही मग तूच सांग त्याला.

सुगीला पणजोबांपुढे मक्याची दारू ठेवली आणि रीतीप्रमाणे घरच्यांची नावं घेतली, आधी जिवंतांची, मग गेलेल्यांची. आईचं पहिलं घेतलं. तुझं बाबांच्या नंतर.

कुसी