पहिल्या रांगेतली झोप

॥ श्री ॥

तीर्थरूप गुणाबाई वन्संच्या पायांवर धाकट्या भावजयीचं, म्हणजे जनाचं, डोकं टेकून दंडवत. इकडे मी बरी आहे, गाय बरी आहे, वालाला फूल दाट धरलंय. तुमचा गुडघा कसा आहे ते मात्र मला दोन वर्षांत कोणी नीट सांगितलेलं नाही. तुमच्या वैशाखऱ्याहून येणाऱ्या माणसाला विचारलं की तो म्हणतो, "चालतात की." चालता, तर मग इकडे का चालत नाही, असं मनात येतं. (हे रागाने लिहिलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी तुमच्या भावाच्या वर्षश्राद्धाला तुम्ही उंबऱ्यात म्हणालात की ज्या घरात भाऊ नाही त्या घराकडे पाय उचलत नाही. ते मला पटलं होतं. माझाही उचलत नाही, पण मला दुसरं घर नाही.)

तब्येतीचं म्हणाल तर एकच रड आहे, झोप लागत नाही. तुमचा भाऊ गेल्यापासून दिवा मालवला की घर इतकं गप्प होतं की कौलावरून मांजर गेलं तरी त्याचे पाय मोजता येतील. मग मी दिवा पुन्हा लावते आणि वाचते. तुम्हाला ठाऊकच आहे, मी शाळेत गेले नाही, साखरेच्या पुड्यांचे कागद उलगडून अक्षरं जुळवायला शिकले. त्यामुळे अजूनही मला गोष्टीचा मधलाच भाग जास्त आवडतो. आता शहापूरच्या वाचनालयातून अख्खी पुस्तकं आणते. पुस्तक संपतं, झोप येत नाही.

पण आज रडगाणं गायला बसलेली नाही. वन्सं, इकडे काय काय झालंय! ते अंतर्देशीय पत्रात मावेना म्हणून वहीची पानं फाडली. कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, आणि गावात सांगायची सोय नाही, कारण अख्खं गावच त्यात होतं.

सुरुवात केली प्रेमाने. प्रेमा म्हणजे शेजारच्या धाऊभावजींची सून. एरवी ती ताक न्यायला परसातून येते. त्या दिवशी पुढच्या दाराने आली, लग्नातली साडी नेसून, आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "मावशी, आता आयुष्य बदलणार." मी म्हटलं, "काय गो, झालं काय?" तर म्हणते, "ते सांगायचं नसतं. रविवारी शहापूरला यायचं असतं." आता तोंडावर एवढं तेज आणि तोंडातून शब्द नाही, म्हणजे मी काय समजावं? मी आतून साखर आणून तिच्या हातावर ठेवली आणि कितवा महिना ते विचारलं. (तिची सासू रोज तेच विचारते. मी तरी विचारायला नको होतं.) प्रेमाने साखर खाल्ली आणि म्हणाली, "मावशी, हे त्याहून मोठं आहे." पुढे कळलं, तिला असंच शिकवून पाठवलं होतं. काय आहे ते सांगायचं नाही आणि समोरचा हो म्हणेपर्यंत उठायचं नाही. ती उठली नाही. चुलीवरचा भात करपल्याचा वास आला तेव्हा मी हो म्हणाले. जाता जाता तिने हेही सांगितलं की थोडे पैसे जवळ असू द्या, म्हणून कालवड विकून आलेले मी कनवटीला बांधून घेतले.

रविवारी जीपमध्ये आम्ही बायका एकीच्या मांडीवर एक अशा बसलो. माझ्या मांडीवर सकुबाई. (तुम्हाला आठवेल, माझ्या लग्नात तुमच्याशी भांडून शेवटचा लाडू नेला ती. आता भाताच्या आवणीला आम्ही दोघी शेजारी शेजारी वाकतो.) शहापुरात एका मंगल कार्यालयात नेलं. दारात एक मुलगी तबक घेऊन उभी. तबक दिसताच मी सवयीने बाजूला सरले आणि सकुबाईला पुढे केलं. हल्ली मी लग्नाकार्यात तसंच करते, कोणाला बोलायची वेळ येऊ नये म्हणून आपणच मागे चुलाण्याकडे जाते आणि पुऱ्या लाटायला बसते. पण ती मुलगी माझ्यामागे धावत आली, "मॅडम, मॅडम!" करत. तबकात कुंकू नव्हतंच, गुलाब होते. एक तिने माझ्या पदराला टाचला आणि मला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं, नवऱ्यामुलाची मावशी बसते ना, तिथे! वन्सं, माणसं लबाड होती, ते मी पुढे लिहिणारच आहे. पण त्या खुर्चीत बसल्यावर मी दोनदा मागे वळून पाहिलं, पुऱ्या कोण लाटतंय म्हणून.

मग आले शेखर सर. कल्याणचे. त्या उकाड्यात कोट, टाय, आणि कपाळावरचा घाम टायनेच पुसायचे. दारं लावून घेतली, मोठ्याने बाजा लावला आणि सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. कशासाठी ते काही सांगितलं नाही. वस्तू काय आहे हे तर किती तरी वेळ सांगितलंच नाही. कोण कुठला शेतकरी आता विमानातून फिरतो, कोणा बाईने नवऱ्याला मोटार घेऊन दिली, हेच चाललेलं. मध्येच सर ओरडले, "ज्यांना जन्मभर गरीबच राहायचंय त्यांनी हात वर करा!" सगळ्यांचे हात खाली, आणि सकुबाईचा हात वर. तिला बाहेर जायचं होतं हो, जीपपासून धरून बसली होती! सरांनी तिला उभं केलं आणि विचारलं, "ताई, तुमची अडचण काय आहे?" सकुबाई म्हणाली, "ती हितं सांगण्यासारखी नाय." सर म्हणाले, "बघा, गरिबी माणसाला बोलूही देत नाही!" पुन्हा टाळ्या. दार काही उघडलं नाही.

शेवटी कापड ओढलं आणि खालून निघाली गादी. चुंबकाची! तिच्यावर झोपलं की रक्त वाहतं, सांधे सुटतात, झोप गाढ लागते. एक गादी घ्यायची, मग आपल्याखाली दोन माणसं जोडायची, त्यांनी त्यांच्याखाली दोन-दोन, आणि वरच्याने नुसतं बसून खायचं. भाव फक्त त्या दिवसापुरता, म्हणून टेबलावर घड्याळ उभं करून ठेवलेलं. मग सर पहिल्या रांगेत आले, स्वप्न विचारत. कोणी बंगला म्हणालं, कोणी मोटार. माझ्यापुढे माईक आला. मला खोटं सुचलं नाही. मी म्हटलं, "मला झोप लागायला हवी." सरांचे डोळे असे चमकले! लगेच मला उचलून (खरंच दोघांनी धरून) व्यासपीठावर त्या गादीवर आडवं केलं. चारचौघांत आडवं व्हायचं म्हणून मी पदर घट्ट धरून डोळे मिटून घेतले. सर माझ्या उशाशी उभे राहून माईकवरून बोलायला लागले. बोलत राहिले. एका सुरात, मध्येच चढायचं, मध्येच दम घ्यायला थांबायचं, पुन्हा खालून सुरुवात.

आणि वन्सं, मी झोपले! मेल्यासारखी! दोन वर्षांत अशी झोपले नव्हते. सर बोलायचे थांबले तेव्हा मला जाग आली. पाहते तर माणसं खुर्च्यांवर चढून टाळ्या वाजवतायत, गुलाबवाली मुलगी रडतेय, आणि प्रेमा सगळ्यांना सांगतेय, "माझी मावशी, माझी मावशी!" मला क्षणभर वाटलं आपण गेलो होतो आणि परत आलो. मी तिथल्या तिथे सही केली, कनवटीचे पैसे मोजून दिले आणि गादी जीपच्या टपावर बांधून घरी आणली. वाटेत सकुबाई म्हणाली, "जने, हिच्यात भुताटकी आहे का काय?" (बोलायला तिला आता हुरूप होता. किन्हवलीच्या अलीकडे आम्ही जीप थांबवली होती.)

घरी गादी अंथरली. झोप नाही! डोकं उत्तरेला केलं, दक्षिणेला केलं, गादी उलटी केली. काही नाही. घर आपलं गप्प.

तरी मी सहजासहजी हार मानणारी नाही. माणसं जोडायची होती. मी सकुबाईला म्हटलं, माझ्याखाली ये. ती म्हणाली, येते की, पण मग तूही माझ्याखाली यायचंस. बरोबरच होतं, वन्सं. आपल्याकडे सावड कशी असते? आज आम्ही सगळ्या सकुबाईच्या खाचरात आवणी करणार, उद्या ती आमच्या. कोणाची मजुरी नाही आणि कोणाचं शेत राहायचं नाही. जी आली तिच्याकडे जायचं. न गेलं तर पुढच्या पावसात तिला कोणी हाक मारत नाही. तर त्याच रीतीने सकुबाई माझ्याखाली, आमच्या सावडीतली ठकी सकुबाईखाली, म्हातारी लहानी ठकीखाली, आणि मी लहानीखाली आणि सकुबाईखालीसुद्धा. सगळ्यांनी कागद भरले. पैसे मात्र ज्याची त्याची पाळी येईल तेव्हा द्यायचे असं ठरलं, आणि तोवर एकच गादी घरोघर फिरवायची. सावडीत नांगर फिरतो तशी. आम्हाला वाटलं, सर खूश होतील.

सर स्वतः आले पैसे घ्यायला. माझ्या अंगणात सगळ्या बायका जमल्या होत्या. सरांनी खडूने जमिनीवर माझं नाव काढलं, खाली रेघा ओढल्या, आणि रेघा ओढता ओढता पुन्हा माझ्याच नावापाशी आले. पुसलं, सकुबाईपासून सुरुवात केली, तर सकुबाईपाशीच आले. टाय सैल केला.

"अहो, ह्या तुमच्या खाली आणि तुम्ही ह्यांच्या खाली! मग वर कोण?"

"वर कशाला कोन पायजे?" सकुबाई म्हणाली. "आमी काय माडीवर राहतो?"

"असं चालत नाही, ताई. कोणीतरी सगळ्यात खाली असावंच लागतं."

"मंग तिच्याकडं कोन जायाचं?" ठकीने विचारलं.

"तिने नवीन माणसं शोधायची."

"नि गावातली सरली मंजे?"

"दुसऱ्या गावात जायचं."

"नि तितलीपन सरली मंजे?"

सरांनी पाणी मागितलं. सकुबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मंजे शेवटल्या बाईची आवणी ऱ्हातेच ना. तिनं समद्यांच्या चिखलात वाकायचं, नि तिचं रोप पिवळं पडायचं. नाय रे बाबा, आमच्या गावात असली सावड नाय करीत कोनी."

पण सर हटणारे नव्हते. मग त्यांनी ते सभागृहातलं बोलणं काढलं, विमान, मोटार, आज शेवटचा दिवस, सगळं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, कारण मी तिथे नव्हते. म्हणजे होते, ओटीच्या खांबाला टेकून. एकाएकी सरांनी माझ्याकडे बोट केलं म्हणे, "बघा! जना मॅडमकडे बघा! कशी गाढ झोप लागली, हा गादीचा गुण!" सगळ्या वळल्या. सकुबाई म्हणाली, "ती खांबाला टेकून झोपलीया. गादी तिकडं वलनीवर वाळतेय. काल लहानीच्या नातवानं वली केली."

बायका इतक्या हसल्या की सरांना पुढे बोलताच येईना. सर गप्प झाले आणि मला जाग आली. सरांनी खडू खिशात घातला आणि मोटारसायकलला लाथ मारली. बाकी कोणीच पैसे दिले नव्हते, तेव्हा बुडाले ते माझे आणि प्रेमाचे. प्रेमा आठवडाभर दिसली नाही, मग एका सकाळी परसातून भांडं पुढे आलं. मी म्हटलं, "पुढच्या दाराने ये गो, नि बस जरा." बसली. रडली. मी काही विचारलं नाही, नुसतं ताक दिलं. माझा गुलाब मी पुस्तकात दाबून ठेवलाय. तो काही मी परत करणार नाही.

तर असं हे. पत्र लांबलं, डोळ्यांना त्रास झाला असेल तर माफी असावी. भावोजींना नमस्कार, पोरांना माझ्याकडून एकेक पापा.

तुमची भावजय,
जना

ता. क. तिथे कोणी कोटवाला आला तर दार उघडू नका. शहापूरला आमच्याकडून नावं लिहून घेतली होती. "ज्यांचा तुमच्यावर जीव आहे अशा माणसांची नावं लिहा," म्हणाले. इतर बायका पान भरून लिहीत होत्या. मला एकच सुचलं, तुमचं. मी माझ्या हातानेच लिहिलं, अक्षर बरं आलं होतं.

आणखी एक. झोपेचं कोडं मला सुटलंय, पण गावात कोणाला सांगितलेलं नाही. गादीत काही नव्हतं. सरांचं ते बोलणं, एका सुरात चढायचं, मध्येच अडकायचं, पुन्हा खालून सुरू व्हायचं, ते हुबेहूब तुमच्या भावाचं घोरणं होतं. दोन्ही वेळा ते थांबलं म्हणून मी जागी झाले. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, ह्या गावात भाताची गिरणी झोपतच नाही. ती तुमच्या घराण्याची देणगी आहे, वन्सं. वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री तुम्ही माजघरात निजला होतात, त्या एकाच रात्री मी झोपले होते, हे मला आत्ता कळलं.

सरळगावला गाडी बदलली की किन्हवलीची मिळते, तिथून सकुबाईचा मुलगा बैलगाडी आणेल, गुडघ्याला चढण पडायची नाही. वालाच्या शेंगा भरेपर्यंत राहायचं. गादी धुऊन, उन्हात घालून, माजघरात अंथरून ठेवली आहे, ती तुम्हाला. मी शेजारी चटईवर निजेन. घोरण्यावरून मी आता कुरकुर करणार नाही. एखाद वेळी झोपेत कोपर लागलं, तर तुमच्या भावाला मारायची जुनी सवय आहे असं समजून कूस वळवा, आणि पुन्हा सुरू करा.