सासूबाईंचं टेबल आणि खिंडीतलं हॉटेल

संत वेंडेलिनचा सण, ऑक्टोबर

तीर्थस्वरूप क्रेसेन्झवन्सं यांना नोटबुर्गाचा वाकून नमस्कार.

देवाच्या आणि मारियामातेच्या कृपेने आमचं बरं चाललं आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? अर्निकाचा अर्क पाठवला होता तो लावायचा आहे, प्यायचा नाही (मागच्या खेपेला भावजी प्यायले, म्हणून आपलं सांगून ठेवते). गाई डोंगरावरून सुखरूप उतरल्या. आज तुमच्या भावाचा नामदिन, त्याच्या नावाच्या संताचा सण, म्हणून केक केला. अंडी निम्मीच घातली, कुणाला पत्ता लागला नाही. कॅलेंडरच्या पानामागे लिहिते आहे याचा राग मानू नका, सप्टेंबर तसाही संपलेलाच आहे.

वन्सं, गोष्ट वसंतात सुरू झाली. श्ट्राइटर नावाचा एक गृहस्थ गाडीतून नवं कोरं फॉरमायकाचं टेबल घेऊन दारात आला आणि म्हणाला, तुमचं जुनं द्या, हे घ्या, वर एक शिलिंग नको. आपलं जुनं टेबल तुम्हाला ठाऊकच आहे. क्रूसाखालच्या कोपऱ्यातलं, एका पायाखाली पाचर, कडांना कीड, आणि मामंजी थेट फळीवरच डुकराचं वाळवलेलं मांस कापायचे, तिथे वाटीएवढा खळगा. लग्न होऊन आल्यापासून दर शनिवारी राख आणि वाळू घेऊन मी ते घासत आले, पण तो खळगा काही उजळला नाही. मला वाटलं, देवानेच हा भोळा माणूस माझ्या दारी धाडला. किडीच्या भोकांवर मी गुपचूप पावाची टोपली ठेवली. त्याने टोपली उचलून भोकं पाहिली आणि हसला, तेव्हा तर मला त्याची दयाच आली. बाकही देऊन टाकला.

पण मन खाऊ लागलं. शनिवारी मी चर्चमध्ये पापांची कबुली द्यायला गेले आणि जाळीआडच्या फादर इंगेनुइनना सांगितलं, की मी एका साध्या माणसाला किडकं लाकूड देऊन फसवलं. फादर बराच वेळ खोकले (मला वाटलं सर्दी) आणि प्रायश्चित्त म्हणून थोड्या प्रार्थना सांगितल्या. त्या सगळ्या मी श्ट्राइटरच्या धंद्याची भरभराट व्हावी म्हणून म्हटल्या. वन्सं, भरभराट झाली.

गेल्या रविवारी आमचं महिला मंडळ खिंडीतल्या नव्या हॉटेलात कॉफीला गेलं. (कॉफी त्यांची, पाव माझा, पिशवीतून नेलेला.) हॉटेल परवा बांधलेलं, पण शंभर वर्षांचं दिसावं म्हणून लाकडाला धूर देऊन काळं केलेलं. आत शिरले आणि जागच्या जागी उभी राहिले. कोपऱ्यात आपलं टेबल. मामंजींच्या खळग्यात मीठ भरून ठेवलेलं. वर, जिथे क्रूस असायला हवा, तिथे मोडक्या स्कीची एक जोडी फुलीसारखी टांगलेली. सासूबाईंच्या जागी म्युनिकची एक बाई, आणि बाकावर माझ्या जागी तिचं कुत्रं. ताटली नाही, कापड नाही, चीज थेट फळीवर. आपल्या माणसांनी ऐपत आली त्या दिवशी ताटल्या आणल्या हो, आणि हे लोक पैसे मोजून बिनताटलीचं जेवतात. फळीवर कुणाच्या तरी अंड्याचा बलक वाळलेला दिसला. मला राहवेना. रुमाल ओला केला आणि घासायला लागले.

हॉटेलची मालकीण गेर्लिंदबाई धावत आली. "अहो आजी, पुसू नका, तोच तर त्याचा रंग आहे."

मी म्हटलं, "बाई, हा रंग नाही. हे माझ्या सासऱ्यांचं जेवण आहे."

हे ऐकून म्युनिकची बाई इतकी खूश झाली की तिने माझा फोटो काढला. शेजारच्या टेबलावर कुणीतरी खोकलं. वळून पाहते तर फादर इंगेनुइन, पुढ्यात ट्राउट मासा. तोच खोकला, वन्सं. सर्दी नव्हतीच.

आणि त्याच क्षणी मला चमचा आठवला. फळीच्या खाली तो चामड्याचा पट्टा, ज्यात प्रत्येकाचा चमचा खोचलेला असायचा. आमचे मी काढून घेतले होते. सासूबाई गेल्यापासून त्यांचा मात्र कुणी हलवला नव्हता, आणि देताना तोच राहिला. मी त्या बाईच्या पायांमधून टेबलाखाली गेले. कुत्र्याने तोंड चाटलं, तेही सोसलं. पट्टा होता, चमचाही होता. पण गेर्लिंदबाई ऐकेना. म्हणे श्ट्राइटरकडून चमच्यासकट विकत घेतलंय, चमच्यासकटच राहील. शेवटी माझं तोंड पाहून एवढं म्हणाली, की याच्याहून जुनं टेबल आणून द्या आणि हे चमच्यासकट घेऊन जा.

आता सांगा, मृतात्म्यांची रात्र तोंडावर आली आहे. दर वर्षी आपण टेबलावर दूध आणि तळलेले गोड क्राफेन ठेवतो आणि सासूबाई येऊन जातात. गेल्या वर्षी सकाळी दूध अर्धं संपलेलं होतं. तुमचा भाऊ म्हणतो, मांजर. मी म्हणते, मांजराने साखर कमी पडली म्हणून अर्धं ठेवलं नसतं. यंदा त्या येणार कुठे? मेणकापड घातलं तरी त्या जेवायला बसत नसत, तर फॉरमायकापुढे बसतील का? (त्यावर गरम पातेलं ठेवलं तर पांढरं वर्तुळ उमटलंय, ते त्यांना पहिलं दिसेल.) चमचा जिथे आहे तिथेच त्या जातील. खिंडीत. देवाच्या जागी स्की आणि सुनेच्या जागी कुत्रं पाहतील, आणि मग चौकशीला घरी येतील. तुमच्या भावाला हे सांगितलं तर म्हणाला, "जाऊ दे ना, आई आयुष्यात एकदा तरी हॉटेलात जेवेल." तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. केक मात्र खाल्ला त्याने, तोही निम्मा.

लहानांना आशीर्वाद, भावजींना नमस्कार. सगळ्यांसाठी प्रार्थना करते.

तुमची नोटबुर्गा

ता. क. तुमच्या कोंबड्यांच्या खुराड्यात ते टेबल अजून आहे ना, सासूबाईंनी लग्नात तुमच्याबरोबर धाडलेलं, त्यांच्या आजीचं? आपल्या टेबलापेक्षा ते नक्कीच जुनं. ते मला द्या. बदल्यात आमचं फॉरमायकाचं तुम्हाला देते, वर एक शिलिंग नको. एका फडक्यात स्वच्छ होतं.

ता. क. २. कृपा करून ते धुऊ नका. कोंबड्यांनी जे केलंय ते तसंच राहू द्या. (माझ्या हातून हे वाक्य लिहिलं जाईल असं कुणी सांगितलं असतं तर मी क्रूसाची खूण केली असती. ही फसवणूक होईल का, असं फादरना विचारून आले. ते खोकले.)

ता. क. ३. काही अडचण असेल तर मुळीच मनाला लावून घेऊ नका. त्या रात्री दूध तुमच्याकडे ठेवा. हयातीत सासूबाईंना तुमच्याकडे राहायला मिळालं नाही, खोली ओलसर आहे म्हणून. आता त्यांना ओलीची भीती नाही. तुमचा पत्ता मी प्रार्थनेत कळवते. दुधात साखर बेताची नको, आणि मुक्काम किती हे काही त्या आधी सांगत नाहीत.